मी पेत नाही, इकतो

मित्रांनो, मी माझ्या आईची मडकी फोडली आहेत. एक नव्हे, तीन. त्याला आता पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली. या काळात व्यसनमुक्तीवर मी किती भाषणं ठोकली त्याचा हिशोब नाही. पंचशील समजावून सांगितलं, पोरांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतल्या. मडक्यांची गोष्ट तेवढी दर वेळी गाळली.

ती आता सांगावी लागते आहे, कारण जूनमध्ये मी पुण्याला बहिणीकडे गेलो आणि भाच्यानं मला स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवलेली पाच लिटरची एक कॅन दाखवली. पाण्याची असते तीच, प्लॅस्टिकची. आत जांभळ्या रंगाचं काहीतरी होतं. तोंडाला लहान पोरांचा फुगा रबरानं बांधलेला. फुगा फुगून उभा होता, त्याला टाचणीनं एक भोक पाडलेलं.

‘मामा, वाईन आहे. जांभळाची.’

दोन किलो जांभळं, एक किलो साखर, यीस्टची एक पुडी, बाकी उकळून गार केलेलं पाणी. सगळं मिळून साडेचारशे रुपये. यीस्ट साखर खातं, त्याची दारू होते आणि वायू सुटतो. वायू भोकातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. काचेची झाकणवाली नळी विकत मिळते, पण फुगा दोन रुपयाला. आधी त्याला बिअर करायची होती. पण बिअरला बार्लीचा माल्ट लागतो, हॉप्स लागतात, ते लांबून मागवावं लागतं, तासभर उकळावं लागतं. महाग पडतं. फळ स्वस्त. मोसम असेल ते घ्यायचं. पुढच्या खेपेला अननस करणार म्हणाला. हे सगळं तो इतक्या आनंदानं सांगत होता की मला मधे बोलवेना.

मग त्यानंच विचारलं, ‘मामा, हे आपल्यात चालतं ना? मी काय दारुडा नाही. छंद आहे.’

मित्रांनो, मी उत्तर दिलं नाही. बहीण भाकरी थापत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, ‘दादा, तू त्याला काही म्हणू नको. तुले जे म्हणायचं होतं ते तू तवाच म्हटलं.’

ते ‘तवा’ म्हणजे १९७९.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्यानंतर दोन दिवसांनी, १६ तारखेला, बाबासाहेब आमच्या चांद्याला आले आणि तिथं दीक्षा दिली. आई त्या गर्दीत होती. अठरा वर्षांची, नवी लग्नाची. बैलगाडीनं अर्धी वाट, अर्धी पायी. देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा तिनं हजारो लोकांबरोबर म्हटली आणि आज सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत मोडलेली नाही. हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

बाप १९७१ ला टीबीनं गेला. मी बारा वर्षांचा, बहीण सात. जमीन नाही. निंदण-खुरपण वर्षाचे चार महिने, तेंदूपत्ता उन्हाळ्यात पंधरा दिवस. बाकीच्या दिवसांत खायचं काय? जंगलाच्या बाजूच्या पाड्यावरची एक गोंड बाई आईच्या ओळखीची होती. तिनं आईला मोह शिकवला. फाल्गुन-चैतात पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात, ती सूर्य वर यायच्या आत वेचायची, वाळवायची, मग मडक्यात पाण्यात घालून आंबायला ठेवायची. त्याच्यापुढचं मी सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. रात्री चूल पेटायची तेव्हा मी कंदिलाजवळ अभ्यास करत असे. बहीण दाराशी बसून रस्ता बघायची. बीटचा शिपाई आला की त्याला पैसे आणि वर एक बाटली. तोही महिन्याचा खर्च धरलेला होता, तेलामिठासारखा.

मला स्कॉलरशिप होती. पण ती यायची वर्ष संपताना. फी भरायची जूनमध्ये. आई पदराच्या गाठीतून नोटा काढायची. त्या नोटांना वास यायचा. यायचा म्हणजे यायचाच, मी तो घेतला आणि नोटाही घेतल्या. कॉलेजच्या वसतिगृहात बसून त्या पैशांवर मी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला.

मग नामांतराचे दिवस आले. १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. आम्ही पोरं पेटलो होतो. गावात मंडळ काढलं. रात्र रात्र चर्चा. आपली वस्ती का मार खाते? कोणी म्हणालं, पिते म्हणून. ते खरं की खोटं याचा विचार कोणी केला नाही, सोपं होतं म्हणून पटलं. ठराव झाला की बौद्ध वस्तीत भट्टी राहणार नाही. सात घरं निघाली. सातापैकी चार घरांत कमावता पुरुष नव्हता. हे मी आज मोजतो आहे. तेव्हा मोजलं नाही.

मी म्हणालो, सुरुवात माझ्या घरापासून करा. काय रुबाब होता त्या वाक्यात! टाळ्या पडल्या. काठी मीच घेतली. आंबलेला मोह अंगणभर पसरला, सकाळी कोंबड्यांनी खाल्ला आणि त्या झोकांड्या खाऊ लागल्या तशी लहान पोरं हसली. वास आठ दिवस गेला नाही.

आई आधी काही बोलली नाही. खापरं गोळा केली. मग म्हणाली, ‘काऊन फोडलं बे?’

मी पंचशील सांगितलं. प्रतिज्ञा सांगितली. तिलाच सांगितली, जी स्वतः चांद्याला म्हणून आली होती तिला.

ती म्हणाली, ‘बाबासायबानं पिऊ नको म्हटलं. मी पेत नाही. इकतो.’

मित्रांनो, या चार शब्दांचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं. मी म्हटलं, विकणं म्हणजे दुसऱ्याला पाजणंच. ती म्हणाली, ‘मंग तुह्या फीले पैसे कोठून आले?’

त्या वर्षी बहिणीची शाळा सुटली. नववीतून. ती निंदायला गेली, आईबरोबर. आणि वस्तीतले पिणारे? एकानंही पिणं सोडलं नाही. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला मालगुजाराच्या पुतण्याच्या दुकानात जाऊ लागले. सरकारमान्य देशी दारू. भिंतीवर परवाना टांगलेला, बाकावर तोच शिपाई बसलेला. ती काठी घेऊन आम्ही त्या दुकानावर गेलो नाही. का गेलो नाही याचं उत्तर तुम्ही मला विचारू नका, स्वतःला विचारा. आईचं मडकं मातीचं होतं. आणि ती एकटी होती.

आता प्रश्नाकडे येऊ. पिणं आणि गाळणं नैतिकदृष्ट्या एकच का?

आईचा मुद्दा वकिलीचा वाटेल, पण शब्दांना धरून आहे. प्रतिज्ञा पिण्याची आहे. पाचवं शीलही सुरा, मेरय, मज्ज यांपासून अलिप्त राहण्याचं आहे, म्हणजे स्वतःच्या तोंडाचं आहे. पण बुद्धानं तेवढ्यावर सोडलेलं नाही. अंगुत्तरनिकायात उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मद्याचा व्यापार त्यात स्पष्ट आहे. सम्यक आजीविका ती हीच. तेव्हा आई, तुझी केस तिथं पडते, असं मी पुष्कळ वर्षं मनात म्हणत आलो.

पण तोच बुद्ध दीघनिकायात कूटदन्त ब्राह्मणाला एका राजाची गोष्ट सांगतो. राज्यात चोऱ्या-दरोडे माजलेत. पुरोहित राजाला सांगतो, मारून, बांधून, हाकलून हे थांबणार नाही. शेती करतो त्याला बी-बियाणं आणि जनावराला वैरण दे, व्यापार करतो त्याला भांडवल दे, चाकरी करतो त्याला पोटापुरतं वेतन दे. आमच्या मंडळानं बियाणं दिलं नव्हतं. वेतन दिलं नव्हतं. आम्ही फक्त मारून-बांधून हा भाग घेतला होता, आणि तोही राजावर नाही, चोरावरही नाही, एका विधवेवर.

विनयात सागत भिक्षूची गोष्ट आहे. मोठा पराक्रमी. त्यानं एका भयंकर नागाला वठणीवर आणलं. कोसंबीच्या उपासकांनी खूश होऊन घरोघरी त्याला मद्य दिलं आणि तो नगराच्या वेशीशी पडला. त्याला उचलून आणलं तर त्याचे पाय बुद्धाकडे. बुद्धानं विचारलं, नागाला जिंकणारा हा आता पाण्यातल्या सापाला तरी जिंकेल का? आणि भिक्षूंनी मद्य घेऊ नये असा नियम केला. सागताला शिक्षा केली नाही. आणि कोसंबीत जाऊन घरोघरची मडकी फोडा असं तर मुळीच सांगितलं नाही. नियम संघाला घातला, म्हणजे आपल्या माणसांना, ज्यांनी तो आपणहून पत्करला त्यांना.

बाबासाहेबांचंही असंच आहे, आणि हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा १९५१ चा निवडणूक जाहीरनामा काढून बघा. त्यात सरकारी दारूबंदीला कडाडून विरोध आहे. महसूल बुडतो हे एक कारण. दुसरं कारण वाचून मी थबकलो. बंदीमुळं दारू गाळणं हा घरगुती धंदा झाला. पूर्वी पुरुष पीत, आता घरातच गाळतात म्हणून बायकापोरंही पिऊ लागली. म्हणजे माझ्या आईचं मडकं बाबासाहेबांनी वीस वर्षं आधीच पाहिलं होतं. त्यांनी त्याचा दोष कायद्यावर ठेवला. पाच वर्षांनी त्याच माणसानं लाखो लोकांकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. पोलिसाच्या काठीनं जे होत नाही ते त्यांनी माणसाच्या तोंडून वदवलं. आम्ही मंडळवाल्यांनी उलट केलं, त्या प्रतिज्ञेचीच काठी केली.

मग भाच्याचं काय? त्याच्या घरी कोणी उपाशी नाही. फी भरायची नाही. आईला जो बचाव होता तो त्याला नाही. त्याच्या बाजूला तीन मुद्दे होते आणि ते हलके नव्हते.

पहिला: वाईन म्हणजे दारू नव्हे, बारा टक्के असते. हा मुद्दा त्याचा एकट्याचा नाही. २००१ साली सरकारनं द्राक्ष-वाईनसाठी खास धोरण आणलं. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हा टीव्हीवर हेच वाक्य ऐकलं. पण पंचशीलाच्या शब्दांत ही वाट नाही. पाली अट्ठकथा सांगतात की सुरा ती पिठाची, भाताची. मेरय ते फुलांचं, फळांचं, मधाचं, गुळाचं. म्हणजे बिअर सुरेत आली आणि भाच्याची जांभळाची कॅन मेरयात. टक्के मोजलेले नाहीत. शब्द आहे तो पमादट्ठान, ज्यापायी माणूस बेसावध होतो ते ठिकाण.

दुसरा: घरची वस्तू शुद्ध असते. हे अर्धं खरं आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती कारखान्यात वापरायच्या मिथाइल अल्कोहोलनं. फळ आंबवून कोणी तसं मरत नाही. पण विष नसणं हे नैतिकतेचं फार छोटं माप झालं.

तिसऱ्या मुद्द्यानं मात्र मला गप्प केलं. भाचा म्हणाला, ‘मामा, आजी जे करायची तेच मी करतो. तिनं केलं तर हातभट्टी, मी केलं तर होम ब्रूइंग. हे आपलंच ज्ञान आहे. त्यांनी ते गुन्हा ठरवलं आणि आता बाटलीत भरून आपल्यालाच विकतात. आपण परत का घेऊ नये?’

पोरगा वाचतो. इतिहास त्याच्या बाजूनं आहे. इंग्रजांनी १८७८ ला मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला, १८९२ ला ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं साठवण्यावरच बंदी घातली. झाडाखाली पडलेलं फूल वेचणं गुन्हा! १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत दारूबंदीचं कलम आलं तेव्हा जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि तांदळाची बिअर हा आदिवासींच्या धर्माचा, भात-रोवणीचा भाग आहे असं सांगितलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढं आमच्याही मानगुटीवर आला. परवान्याशिवाय घरात वाईन करणं आजही त्यानं गुन्हाच आहे. कायदा आईला आणि भाच्याला एकच. भाच्याच्या सातव्या मजल्यावर तो चढत नाही एवढंच. आणि ज्या बायकांच्या जमाती इंग्रजांनी जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यांच्या पालावर तो रोज चढतो.

आणखी एक गंमत. भाचा त्या कॅनमध्ये ‘यीस्टचं खाद्य’ म्हणून चिमूटभर पांढरी पूड टाकतो. पुडीवर अमोनियम फॉस्फेट लिहिलं होतं. हातभट्टीवाले नवसागर टाकतात म्हणून पेपरवाले किती बोंब मारतात! नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. दोन्हीत यीस्टला लागतो तो नायट्रोजनच. एकाच्या पुडीवर इंग्रजी छापलंय.

तर त्याचा राग खरा आहे. पण जे जे अन्यायानं हिसकावलं ते ते परत घेण्यासारखं आहे का? इथं मी त्याच्याशी असहमत आहे. गायरान हिसकावलं, ते परत घ्या. पाणवठा घ्या. ढोराचं मांस खाल्लं म्हणून लाज घातली, ती लाज फेकून द्या. पण मोह आमच्याकडून हिसकावला गेला नसता तरी बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबरला तेच सांगितलं असतं. ती प्रतिज्ञा इंग्रजाच्या कायद्याला उत्तर म्हणून नव्हती. दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी शुद्धीवर असावा, बायकोला मारू नये, पोराचं पुस्तक बघावं, सभेला यावं, यासाठी होती. भाचा सभेला येत नाही. तो दारुडा नाही हे मान्य, पण शनिवार-रविवार त्याचा फुगा बघण्यात जातो. हे मी त्याला बोललो. चिडला. म्हणाला, ‘मामा, तुम्ही पण क्रिकेट बघता.’ बघतो. त्याला जवाब नव्हता.

पण मी कॅनला हात लावला नाही. प्यायलोही नाही. एवढं मात्र त्याला सांगितलं की आजीचं नाव यात घेऊ नको. तिच्या मडक्यामागं भूक होती आणि शिपाई होता. तुझ्या कॅनमागं साडेचारशे रुपये आणि रिकामा वेळ आहे. दोन्हींना एक म्हटलंस तर तिची भूक पुसली जाते. त्यानं मान हलवली. पटलं म्हणून की मला गप्प करायला, कोण जाणे.

बहिणीला मी काय म्हणू शकतो, हे अजून ठरलेलं नाही. नववीतली पोर आता साठी ओलांडून बसली आहे. मुलाला इंजिनिअर केलं. ‘माझी चूक झाली’ हे तीन शब्द मी पुण्याच्या त्या चार दिवसांत रोज जुळवले आणि रोज गिळले. लेख लिहिणं त्यापेक्षा सोपं गेलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आई तिथंच असते, बहिणीकडे. डोळ्यांना फार दिसत नाही. निघायच्या आदल्या रात्री ती भिंत धरत स्वयंपाकघरात आली. वासानं आली असावी. ओट्याखाली बसली, कॅनवर हात फिरवला, मग कान लावला. आतून बुडबुड आवाज येत होता. बराच वेळ ऐकलं.

‘अजून बोलून राह्यलं,’ म्हणाली. ‘झालं नाही. घाई करू नोको बाप्पा.’

भाचा हरखून तिच्याजवळ बसला. तिनं त्याला विचारलं, ‘काऊन रे, इथं पोलीस येत नाही?’

‘नाही आजी. इथं कोण येतं.’

ती काही बोलली नाही. लुगड्याच्या पदरानं कॅन पुसली, बाजूचं तांदळाचं पोतं ओढलं आणि तिच्यापुढं सरकवून ठेवलं.